तीस कसोट्यांची अट

मे २०२४ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी जाहिरात काढली. पात्रतेची पहिली अट अशी होती, की उमेदवार किमान ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळलेला असावा. त्यापुढे 'किंवा', 'किंवा' करत आणखी दारे ठेवली होती. कसोटी खेळणाऱ्या देशाच्या संघाचे दोन वर्षे मुख्य प्रशिक्षकपद, किंवा आयपीएल, प्रथम श्रेणी अथवा 'अ' संघाचे तीन वर्षे मुख्य प्रशिक्षकपद, किंवा मंडळाचे तिसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र. कागदावर पाहिले तर मोठे क्रिकेट न खेळलेल्या माणसालाही अर्ज करायला अडचण नव्हती. पण कोणती गोष्ट पहिल्या ओळीत येते यालाही अर्थ असतो. लग्नाच्या जाहिरातीत पगार आधी लिहिला आहे की स्वभाव, यावरून घर ओळखू येते, त्यातलाच हा प्रकार.

ही पहिली ओळ आमच्या खानदेशातल्या पालकांनी न वाचताही पाठ केलेली आहे. मुलाला क्रिकेट शिकायला घालायचे म्हटले की बापाचा पहिला प्रश्न येतो, "सर स्वतः कुठे खेळलेत?" जिल्हा म्हटले तर मान थोडी हलते, रणजी म्हटले की खिशाकडे हात जातो. शिकवणीच्या फ्लेक्सवर सरांच्या नावाखाली ते कोणाकडून खेळले हे मोठ्या अक्षरांत असते. त्यांच्या हाताखालून कोण तयार झाले, हे असलेच तर तळाशी. मी नशिराबादचा. आयुष्याचा मोठा भाग जिनिंगचे हिशेब लिहिण्यात गेला आणि उरलेला मैदानाच्या कडेला बसून धावफलक लिहिण्यात. बॅट हातात घेतली ती दुसऱ्याला देण्यापुरती. तेव्हा न खेळलेल्या माणसाला खेळातले काय कळते, हा प्रश्न माझ्याही पोटाशी आहे हे आधीच सांगून टाकतो. वाचकांनी माझा कल तेवढ्यापुरता वजा करून पुढचे वाचावे.

मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. दादरच्या शिवाजी पार्कपर्यंत गेले तरी पुरते.

रमाकांत आचरेकरांचा जन्म १९३२ चा, मालवणचा. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये आणि कार्यालयीन संघांकडून ते भरपूर खेळले. पण प्रथम श्रेणीच्या यादीत त्यांच्या नावापुढे एकच सामना आहे. १९६३-६४ च्या मोईन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध खेळले, तेवढाच. रणजी नाही, कसोटी तर दूरच. या माणसाला १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले तेव्हा शिवाजी पार्कात पोरांनी बॅटी उंचावून त्यांना निरोप दिला. आता त्याच मैदानाच्या कडेला त्यांचे स्मारकही झाले आहे.

सचिन तेंडुलकर त्यांचा शिष्य, एवढे सांगून लोक थांबतात आणि तिथेच चर्चा बिघडते. "असा एक मुलगा कोणाच्याही हाती लागला असता तर तोही गुरू ठरला असता," असे म्हणणारे मला कितीतरी भेटले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून मी सचिनला बाजूला ठेवून पाहतो. विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, समीर दिघे, अजित आगरकर, रमेश पोवार हे सगळे भारताकडून खेळले आणि सगळे आचरेकरांच्या हाताखालून गेलेले. कोणी फलंदाज, कोणी यष्टिरक्षक, संधू मध्यमगती गोलंदाज, आगरकर वेगवान, पोवार ऑफस्पिनर. एकाच साच्यातली माणसे नव्हेत ही. नशिबाने एक हिरा सापडतो. वेगवेगळ्या जातीचे इतके दगड नुसत्या नशिबाने घासून निघत नाहीत.

मग हा गृहस्थ करत काय होता? त्यांच्या शिकवण्यात तंत्राच्या लांब व्याख्यानांना फार जागा नव्हती. त्यांचा भर होता सामन्यांवर. सचिनने आत्मचरित्रात सांगितले आहे, की पहिल्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत ६० दिवसांत तो ५५ सराव सामने खेळला. सकाळी नेट, मग सामना, संध्याकाळी पुन्हा नेट. एका मैदानावर बाद झाला की सरांच्या स्कूटरवर मागे बसून दुसऱ्या मैदानावर. तिथे त्याला चौथ्या क्रमांकावर फलंदाजी मिळणार हे सरांनी आधीच ठरवून ठेवलेले. दिवसाच्या शेवटी, पोरगा पुरता दमलेला असताना, यष्टीवर एक रुपयाचे नाणे. जो बाद करील त्याचे, कोणी बाद करू शकला नाही तर सचिनचे. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. त्यानंतर पॅड आणि ग्लोव्हजसकट शिवाजी पार्काला दोन फेऱ्या.

हे सगळे पुन्हा वाचून पाहा. यात कसोटी खेळलेल्या माणसालाच ठाऊक असावी अशी एक तरी गोष्ट आहे का? नाणे ठेवायला काय लागते? दमलेला फलंदाज नेमका कधी चूक करतो याचे निरीक्षण लागते. स्कूटर चालवायला काय लागते? कोणत्या मैदानावर कोणता सामना कुठवर आला आहे हे डोक्यात असावे लागते, आणि समोरच्या कर्णधाराने शब्द पाळावा इतकी पत असावी लागते. हे व्यवस्थापकाचे, शिक्षकाचे आणि थोडेसे आईचे काम आहे.

दोन गोष्टी मला विशेष वाटतात. १९८४ च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर धाकट्या भावाला घेऊन गेला तेव्हा पहिल्या चाचणीत पोरगा बुजला, त्याचे काही दिसेना. अजितने सरांना विनंती केली, की तुम्ही गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा. सर झाडामागे जाऊन उभे राहिले आणि मग पोरगा खेळला. एका तरुणाचे ऐकून झाडामागे जाऊन उभे राहण्याची तयारी एखाद्या नावाजलेल्या माजी खेळाडूकडे असती का, हे मी सांगू शकत नाही. आचरेकरांकडे होती. दुसरी गोष्ट पकडीची. सचिन बॅटच्या मुठीला फार खाली धरायचा. पुस्तकाप्रमाणे हे चूक. पकड बदलून पाहण्याचा प्रयत्न झाला, ते त्याला जमेना, तेव्हा मूळचीच राहू दिली. स्वतःच्या यशस्वी तंत्राचा नमुना ज्याच्या अंगात मुरलेला असतो त्याला समोरच्याची वेगळी पकड खुपत राहते. आचरेकरांना दाखवण्यासारखा स्वतःचा नमुनाच नव्हता. समोर जे होते तेच त्यांना पाहावे लागले.

याला प्रयोगशाळेतलाही आधार आहे. सायन बायलॉक आणि टॉमस कार या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये गोल्फपटूंवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कुशल खेळाडू आणि नवशिके अशा दोघांनाही चेंडू भोकात ढकलायला लावले आणि मग विचारले, की आत्ता मारलेला हा फटका नेमका कसा मारलात ते सांगा. कुशल खेळाडूंना त्या विशिष्ट फटक्याचे नवशिक्यांपेक्षा कमी आठवत होते. साधारणपणे फटका कसा मारावा याचे वर्णन मात्र तेच जास्त सविस्तर करत. गंमत पुढे आहे. त्यांच्या हातात वेड्यावाकड्या आकाराची काठी दिली, सवय मोडली, तेव्हा त्यांनाही बारीकसारीक आठवू लागले. मैदानाच्या कडेला बसणाऱ्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. थोर खेळाडू समालोचन करताना नियम सांगतो. "चेंडू उशिरा खेळा, डोके स्थिर ठेवा." खरे असते ते, पण समोरच्या पोराचे डोके का हलते हे त्यातून कळत नाही. ज्याला स्वतःला ते सहज जमले नाही, त्याच्या हातात आयुष्यभर ती वेडीवाकडी काठीच असते. त्याला प्रत्येक पायरी आठवते, कारण प्रत्येक पायरीवर तो अडखळलेला असतो.

आता त्या ३० कसोट्यांकडे परत येऊ. आचरेकरांच्या शिष्यांतले किती जण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले ते पाहू लागलो आणि हाती एक हिशेब लागला. जिनिंगमधली सवय, आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. चंद्रकांत पंडित कसोट्या ५. लालचंद राजपूत २. प्रवीण आमरे ११. बलविंदर संधू ८. रमेश पोवार २. अमोल मुजुमदार शून्य. सहा जणांची बेरीज होते २८. म्हणजे मंडळाच्या पहिल्या अटीत एका माणसाला जेवढ्या कसोट्या लागतात तेवढ्या या सहा प्रशिक्षकांच्या मिळूनही भरत नाहीत, दोन कमीच पडतात. पन्नास एकदिवसीय सामनेही यांच्यापैकी एकाचे नाहीत.

आणि या सहा जणांनी काय केले? राजपूत हे २००७ मध्ये पहिला टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून होते. पुढे ते अफगाणिस्तानचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्याच काळात, जून २०१७ मध्ये, त्या देशाला कसोटी दर्जा मिळाला. मग झिम्बाब्वे. आमरे मुंबईच्या रणजी संघाचे प्रशिक्षक होते, अजिंक्य रहाणेसारखे कसोटीपटू आपली फलंदाजी दुरुस्त करायला त्यांच्याकडे जात. पोवार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. पंडितांची कथा तर वेगळ्या लेखाची. मुंबईला त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला यात आश्चर्य नाही, मुंबई जिंकतच असते. पण २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली ती पंडितांच्या हाताखाली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, आणि लोक "लागला एकदा मटका" म्हणायचे ते गप्प झाले. मग ते मध्य प्रदेशात गेले. जून २०२२ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात खुद्द मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक उचलला. त्याच मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेश हरला होता, आणि तेव्हाचे कर्णधार पंडितच होते.

एका प्रथम श्रेणी सामन्याच्या गुरूने खेळाडू तर घडवलेच, पण शिकवणारेही घडवले. मला यात सचिनपेक्षाही मोठा पुरावा दिसतो. खेळण्याची प्रतिभा हातातून हातात देता येत नाही. शिकवण्याची रीत देता येते. सर्वांत मोठा शिष्य २०० कसोट्या खेळला. प्रशिक्षकपदाची वाट मात्र धरली ती थोडक्या कसोट्या नशिबी आलेल्यांनी.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे झालो असतो, पण आमच्या भागात क्रिकेटच्या आधी कुस्ती आहे. गावोगावच्या यात्रेत दंगल असते, नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि दिवस कलताना मोठ्या इनामाची जोड लागते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी मिळवले तेव्हा सगळा खानदेश फुगला होता. आणि कुस्तीत आचरेकर सापडत नाहीत. तालमीतला वस्ताद पाहावा तर स्वतः नामांकित मल्ल असतो. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मामा झाले. त्यांचे शिष्य काका पवार, स्वतः अर्जुन पुरस्काराचे मानकरी. आणि त्या दोघांच्या हाताखाली वाढलेला राहुल आवारे २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. पिढ्यांमागून पिढ्या नुसते मल्लच.

हा फरक का, यावर मी बराच काळ विचार केला. मला सुचलेले उत्तर साधे आहे. कुस्ती डोळ्यांनी शिकवता येत नाही, ती अंगाने शिकवावी लागते. समोरच्याने पट काढला तेव्हा त्याचा भार कोणत्या पायावर होता, घिस्सा बसण्याच्या क्षणी त्याची पकड कुठे सैल पडली, हे लांबून दिसत नाही. ते अंगाला अंग लागल्यावर कळते. वस्ताद लाल मातीत उतरून पोराशी मेहनतीची लढत धरतो, तेव्हा त्याच्या अंगातली विद्या थेट पोराच्या अंगात जाते, मध्ये शब्द येत नाहीत. शब्दच नाहीत तिथे शब्द विसरण्याचा प्रश्न येतो कुठे? क्रिकेटमध्ये शिक्षक बावीस यार्ड लांब, पंचाच्या जागी उभा असतो. त्याचे हत्यार डोळा. बावीस यार्डांवरून पाहायला शिकावे लागते, आणि ते शिकण्यासाठी कसोटी खेळावी लागत नाही. तेव्हा "प्रशिक्षकाने खेळलेले असावे का" या प्रश्नाला सगळ्या खेळांसाठी एक उत्तर मागणे हेच चुकीचे आहे.

विरोधातला आणखी एक पुरावा झाकून ठेवणे बरे दिसणार नाही. अमांडा गुडऑल, लॉरेन्स कान आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अभ्यासकांनी अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या प्रशिक्षकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसले, की जे प्रशिक्षक स्वतः वरच्या दर्जाचे खेळाडू होते त्यांचे संघ अधिक जिंकतात. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे आणि मला तो खोडता येत नाही. खेळात नुसते पाहून न कळणारे काहीतरी असते, एवढे त्यावरून मान्य करावेच लागते.

ते 'काहीतरी' काय, याचे उत्तर पुन्हा सचिनच्याच गोष्टीत आहे. नोव्हेंबर १९८९, कराची, पहिली कसोटी. समोर इम्रान, वसिम, वकार. सोळा वर्षांचा सचिन १५ धावांवर बाद झाला आणि आपण इथे खेळण्याच्या लायकीचे नाही असे त्याला वाटले. हे त्याने स्वतः सांगितले आहे. शिवाजी पार्कातल्या ५५ सामन्यांत या क्षणाची तयारी नव्हती, असणे शक्यही नव्हते. त्या वेळी रवी शास्त्रीने त्याला समजावले, की तू शाळेचा सामना खेळल्यासारखा खेळलास. गोलंदाजांचा मान राख, घाई करू नकोस, खेळपट्टीवर अर्धा तास काढ. पुढच्या कसोटीत, फैसलाबादला, त्याने ५९ धावा केल्या. शास्त्रीचा सल्ला तिथे जाऊन आलेल्या माणसाचाच सल्ला होता. आचरेकरांना तो देता आला नसता. पण तो सल्ला किती मोठा होता? पाच मिनिटांचा. आणि तो दिला कोणी? संघातल्याच वडीलधाऱ्या खेळाडूने. वर खेळल्यामुळे येणारे ज्ञान खरे असते, पण ते थोडे असते आणि वेळेला उसने मिळते. पाच-सात वर्षे रोज पहाटे उठून पोर घडवण्याचे ज्ञान असे उसने मागता येत नाही.

राहिला प्रश्न धाकाचा आणि विश्वासाचा. घडलेल्या, श्रीमंत, नावाजलेल्या खेळाडूंच्या खोलीत ज्याला कोणी ओळखत नाही त्याचे ऐकायचे कोणी? ऑस्ट्रेलियाचे जॉन बुकॅनन क्वीन्सलँडकडून अवघे ७ प्रथम श्रेणी सामने खेळले होते. क्वीन्सलँडला त्यांनी १९९४-९५ मध्ये पहिली शेफील्ड शील्ड मिळवून दिली, १९९९ मध्ये ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले, आणि २००३ व २००७ असे दोन विश्वचषक त्यांच्या काळात आले. तरी शेन वॉर्नचे त्यांच्याशी पटले नाही आणि वॉर्नने ते लपवलेही नाही. त्याच काळात, २००५ मध्ये, आपण ऑस्ट्रेलियातूनच ८७ कसोट्यांचे ग्रेग चॅपेल आणले. दोन वर्षांत संघ दुभंगला आणि २००७ च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत गारद झाला. बुकॅननच्या हाती जगातला सर्वोत्तम संघ होता, हे विसरता कामा नये; एका जोडीवरून सिद्धान्त मांडायचा नसतो. पण मोठ्या नावाने दार उघडते, आतली माणसे उघडतातच असे नाही, हे चॅपेलवरून दिसते. उलट टोकाला राहुल द्रविड आहे, १६४ कसोट्यांचा. त्याने एकोणीस वर्षांखालच्या मुलांना वर्षानुवर्षे वेळ दिला, मग वरच्या संघाकडे आला आणि २०२४ चा विश्वचषक घेऊन निघाला. मोठा खेळाडू चांगला शिक्षक होतोच. मात्र त्यासाठी त्याला शिक्षकाची उमेदवारी खालून करावी लागते.

ज्याच्याकडे नाव नाही त्याला ही उमेदवारी चुकत नाही, कारण त्याला दुसरा रस्ताच नसतो. ऑस्ट्रेलियात लांबट चेंडूने खेळला जाणारा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. तिथल्या राष्ट्रीय लीगचे प्रशिक्षक जवळजवळ सगळे माजी लीग खेळाडूच. नील क्रेग किंवा ब्रेंडन मॅकार्टनीसारखे, त्या लीगमध्ये कधी न खेळता प्रशिक्षक झालेले, बोटांवर मोजण्याइतके. यावरून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक, न खेळलेल्यांना जमत नाही. दोन, त्यांना कोणी घेत नाही. नुसती यादी पाहून यातला कोणता खरा हे ठरवता येत नाही, आणि जे 'यादीच बघा' म्हणतात ते पहिला गृहीत धरून बोलत असतात.

म्हणून अमोल मुजुमदारची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो. बसूनच राहिला. पुढे मुंबईकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात २६० धावा, तो त्या वेळचा जागतिक विक्रम. कारकिर्दीत ११,००० हून अधिक प्रथम श्रेणी धावा. भारताकडून एकही सामना नाही. पॅड बांधून बसण्याचा तो दिवस जणू वीस वर्षे लांबला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा, भारताकडून एकदाही न खेळलेला माणूस भारताच्या संघाला काय शिकवणार, अशी शंका आमच्या चहाच्या टपरीवरही निघाली. २०२५ च्या विश्वचषकात साखळीत ओळीने तीन सामने हरल्यावर ती पुन्हा निघाली. नंतर उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग झाला आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून चषक आला. हरमनप्रीत कौर त्याच्या पाया पडली, ते सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले. टपरीवरची शंका त्यानंतर मी ऐकलेली नाही, पण मुलाला शिकायला घालताना विचारला जाणारा प्रश्न तोच आहे.

तो प्रश्न बदलावा असे मला वाटते, आणि त्याचे कारण थेट आमच्या मुलांशी निगडित आहे. जळगाव जिल्ह्यात कसोटीपटू येऊन शिकवणार नाही. आला तरी उद्घाटनाला येईल, दोन चेंडू खेळून दाखवील आणि संध्याकाळच्या गाडीने जाईल. आमच्याकडे आहेत ते शाळेतले क्रीडाशिक्षक, रेल्वेत आणि आयुध निर्माणीत कामाला असलेले क्लब पातळीचे खेळाडू, आणि मैदानाच्या कडेला बसणारी माझ्यासारखी माणसे. यांच्याकडे सांगण्यासारखे नाव नाही म्हणून पालक मुलाला लांबच्या शहरात, नाव असलेल्या शिकवणीत पाठवतात. तिथे तो तीस मुलांच्या रांगेत उभा राहून वाट्याला आले तर दहा चेंडू खेळतो. पाठवणे ज्यांना परवडत नाही त्यांची मुले दहावीनंतर खेळ सोडतात.

आणि आचरेकरांच्या रीतीतले जे आमच्याकडे खरोखर नाही ते म्हणजे सामने. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. पहिल्या दिवशी हरले की मुलाचे क्रिकेटचे वर्ष संपले. एखादा गुणी फलंदाज पहिल्याच चेंडूवर धावबाद होतो आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणी त्याला पाहत नाही. भुसावळ मध्ये धरले तर नशिराबाद, वरणगाव, यावल, सावदा इथल्या शाळा एसटीने तासाभराच्या आत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत या पाच-सहा गावांनी रोज सकाळी सात वाजता आपापसात एक सामना धरला, हरणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला मिळाले, प्रत्येकाचा धावफलक नीट लिहिला गेला, आणि कोणता मुलगा कोणत्या चेंडूवर पुन्हा पुन्हा बाद होतो हे एका वहीत नोंदले गेले, तर दोन महिन्यांत मुलाच्या वाट्याला पन्नासेक सामने येतात. मैदाने आहेत, ऊन अकराच्या आत टळते. पहिल्या वर्षी एसटीच्या पासचा आणि चेंडूंचा खर्च कोणी उचलायचा, एवढे ठरायचे आहे. धावफलक मी लिहीन.